‘दुर्मिळ’ या शब्दाची किंमत

नाणी जमविणे हा पैसेवाल्यांचा छंद, असा आपल्या वस्तीत समज आहे. मीही तसेच समजत होतो. पण माझ्या संग्रहाची सुरुवात एका रुपयाने झाली, आणि तो रुपया माझ्या वडिलांच्या घामाचा होता.

१९९० साली प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जन्मशताब्दीनिमित्त सरकारने त्यांची प्रतिमा असलेले एक रुपयाचे नाणे काढले. वडील बडनेरा स्टेशनवर हमाली करीत. एके दिवशी मजुरीच्या चिल्लरीत ते नाणे त्यांच्या हाती आले. त्या रात्री घरात तेल नव्हते, तरी तो रुपया मोडला नाही. आईने तो बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवला. पुढे दर बुद्ध पौर्णिमेला आणि १४ एप्रिलला चिंच आणि राख लावून ती तो घासून लख्ख करी. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो.

पुढे बी.कॉम. झालो, कारकुनी मिळाली. खतावणी लिहिता लिहिता नाण्यांचाही हिशेब ठेवण्याची सवय लागली. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. तेव्हापासूनची नाणी सालवार आणि टांकसाळवार लावायची, असे ठरविले. नाण्यावर सालाच्या खाली बारीक खूण असते. चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बंद झाली. ती आजही कोणाच्या ना कोणाच्या डब्यात सापडतात. या छंदाला पैसा कमी आणि डोळे जास्त लागतात.

डोळे लागतात ते नाण्याची अवस्था ओळखायला. बाजारात एकदाही न फिरलेल्या नाण्याला जाणकार ‘यूएनसी’ म्हणतात. ‘प्रूफ’ नाणे निराळे. ते खास घासून चकचकीत केलेल्या ठशांनी पाडतात, म्हणून त्याची पार्श्वभूमी आरशासारखी दिसते. अशी नाणी टांकसाळ संच करून विकते. बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीनिमित्त ६ डिसेंबर २०१५ रोजी १२५ रुपयांचे नाणे प्रसिद्ध झाले, ते संग्राहकांसाठीच. त्याच दिवशी आलेले दहा रुपयांचे नाणे मात्र चलनातले. चलनातल्या नाण्याची झीज आधी उंच जागी दिसते. बाबासाहेबांचे केस, नाक आणि गाल पाहावेत. उलट बाजूला सारनाथच्या सिंहांची आयाळ पाहावी. उजेडात नाणे तिरपे फिरवले की नव्या नाण्यावर चमक चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. घासलेल्या नाण्यावर ती फिरत नाही. केसासारखे बारीक ओरखडे मात्र दिसतात.

आईच्या नाण्यावर तसे ओरखडे भरपूर होते. मी एकदा रागाने बोललो, तेव्हा ती म्हणाली, “बाबासायेबाचा चेहरा काया पडे, म्हनून घासलं. तुह्या पुस्तकासाठी नाई घासलं.”

आता मूळ गोष्ट सांगतो. आमच्या विहारात जयंतीला मी नाण्यांचे छोटे प्रदर्शन मांडतो. एका वर्षी आईच्या नाण्यापुढे मी चिठ्ठी लावली : ‘बाबासाहेबांचे दुर्मिळ नाणे, १९९०.’ ते नाणे चलनासाठी लाखांनी पाडले गेले होते, हे मला ठाऊक होते. पण लोकांनी थांबून पाहावे, असा मोह झाला.

चार-पाच महिन्यांनी आमच्या गल्लीतली एक मावशी घरी आली. ती धुणीभांडी करते. तिच्या मुलाच्या मोबाईलवर जाहिरात आली होती की जुन्या नाण्यांना लाखो रुपये मिळतात. फोन करणाऱ्याने रिझर्व्ह बँकेचे नाव सांगितले. नोंदणीचे म्हणून २,१०० रुपये घेतले. आता तो ‘टॅक्स’ म्हणून ८,५०० मागत होता आणि मावशी ते माझ्याकडे उसने मागायला आली होती. मी म्हणालो, “मावशी, ही फसवणूक आहे.” तिला ते पटेना. ती म्हणाली, “भाऊ, तूच तं चिठ्ठीवर लिवलं होतं, दुर्मिळ म्हनून. माह्यापाशीबी तसंच नानं हाय.”

मी काय उत्तर देणार? दर रविवारी विहारात मुलांना पंचशील शिकविणारा मी. चौथे शील खोटे न बोलण्याचे. माझी चिठ्ठी खोटी होती, आणि तिची किंमत मावशीने भरली. आम्ही १९३० या क्रमांकावर तक्रार केली. ८,५०० वाचले, २,१०० परत आले नाहीत. तिच्या दोन घरच्या महिन्याच्या कामाचे ते पैसे होते.

तेव्हा मला ‘बट्टा’ हा शब्द आठवला. नावाला बट्टा लागला, असे आपण म्हणतो. तो शब्द सराफाच्या पेढीवरचा. कंपनीच्या अमदानीत नाना तऱ्हेचे रुपये चालत. नाणे जुने झाले, झिजले की सराफ बट्टा कापीत. झिजलेले नाणे बहुधा गरिबाच्याच हातात असे, म्हणून तोटाही त्याचाच. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया ठरला. हा सारा इतिहास बाबासाहेबांनी १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात तपासला आहे. बी.कॉम. होऊनही मी तो चाळिशीत वाचला, हे सांगायला लाज वाटते. नाण्याची पारख ज्याला येते तो ज्याला येत नाही त्याला लुबाडतो, हे जुनेच आहे. आता फक्त पेढी मोबाईलमध्ये आली आहे.

पुढच्या जयंतीला मी सगळ्या चिठ्ठ्या बदलल्या. प्रत्येक नाण्यापुढे साल, टांकसाळ आणि खरी अवस्था लिहिली. आईच्या नाण्यापुढे लिहिले : ‘फिरलेले, घासून स्वच्छ केलेले. नाणे सामान्य.’ मावशीचे नाणेही तिच्या परवानगीने शेजारी ठेवले. आईने नातवाकडून चिठ्ठी वाचून घेतली आणि म्हणाली, “सामान्य तं सामान्य. मले कुठं इकाचं हाय?”

बंधू-भगिनींनो, मुलांना हा छंद जरूर लावा. नाणे कडेने धरायला शिकवा, घासू देऊ नका, मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात वर्षानुवर्षे ठेवू नका, त्याने नाणे हिरवे पडते. सारनाथचे सिंह आपल्या प्रत्येक नाण्यावर आहेत, ते कोठून आले ते सांगा. आणि कोणी फोनवर नाण्याचे लाख देऊ म्हणाला तर एक पैसाही पाठवू नका. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजीच जाहीर केले आहे की असल्या व्यवहाराशी तिचा संबंध नाही आणि ती त्यासाठी कसलेही शुल्क घेत नाही. शंका आली तर आधी विहारात येऊन विचारा. आम्ही नाणे पाहून खरे तेच सांगू.

जयभीम!