आबांची राजदूत

आमच्या घरामागच्या टिनाच्या छपरीत चोवीस वर्षे एक राजदूत उभी होती. उभी म्हणजे दोन विटांवर टेकवलेली. टायरची हवा केव्हाच गेलेली, सीटचा फोम उंदरांनी नेलेला. तिच्यावर कधी तुराट्यांचा भारा पडायचा, कधी पावसाळ्यात गोवऱ्यांचे पोते. एका वर्षी तर हँडल आणि टाकीच्या मधल्या जागेत कोंबडी अंड्यावर बसली होती आणि पिल्ले निघेपर्यंत आईने कोणाला तिकडे फिरकू दिले नव्हते. भंगारवाला वर्षातून दोनदा यायचा. "माय, देऊन टाक ना ते फटफटी," म्हणायचा. शेवटी तीन हजारांपर्यंत आला होता. आई म्हणायची, "पोरं आली का इचारीन." पोरे म्हणजे आम्ही तिघे भावंडे. थोरला पुण्याला कंपनीत फिटर, मधली अंगणवाडी सेविका, धाकटा गावातच लायटीची कामे करणारा.

ही गाडी १९७८ सालची. आमच्या आबांनी ती १९८४ मध्ये अकोल्याहून जुनी विकत आणली. आबा आरोग्य खात्यात बहुउद्देशीय कर्मचारी होते, पण मंगरूळपीर तालुक्यातल्या खेड्यांत त्यांना सगळे "मलेरियावाले" म्हणत. राष्ट्रीय मलेरिया निर्मूलन कार्यक्रम देशात १९५८ पासून सुरू होता. त्यात घरोघर फिरून तापाचा माणूस शोधायचा, त्याच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, क्लोरोक्विनच्या गोळ्या द्यायच्या आणि काचपट्ट्या आरोग्य केंद्रात तपासणीला पोचवायच्या, असे ते काम. आधी आबा हे सगळे सायकलवर करीत. काचपट्ट्या खडकाळ रस्त्याने फुटत. राजदूत आल्यावर त्यांनी मागे लोखंडी कॅरिअर बसवले, त्यावर एक पेटी वेल्ड करून घेतली आणि पेटीच्या आत ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे रबर चिकटवले. त्यानंतर काचपट्टी फुटली असे आम्ही ऐकले नाही.

त्या काळी आमच्या वस्तीत दुसरी मोटारसायकल नव्हती. गावातून फटफट करीत जाणारा हा माणूस काही ओट्यांवर बसलेल्यांना खटकायचा, हे आम्ही लहान असूनही ओळखत होतो. पण ज्या घरांत आमच्या माणसांचा हात पाण्याला लागलेला चालत नसे, त्या घरची माणसेही ताप भरला की आबांपुढे बोट करीत. आबा त्यावर कधी बोलले नाहीत. टोचायचे, कापूस लावायचे, नाव लिहायचे आणि पुढच्या घरी जायचे.

राजदूत तयार व्हायची फरीदाबादला, एस्कॉर्ट्सच्या कारखान्यात. मूळ नमुना पोलंडचा. इंजिन १७३ सी.सी., एक सिलिंडर, तीन गिअर. पुढच्या चाकाचा फोर्क झोका घेणारा, त्यामुळे खड्ड्यात गाडी आदळण्यापेक्षा डोलायची. साखळी पूर्ण डब्यात बंद, म्हणून चिखल आत जात नसे. दूधवाले आणि आमच्या आबांसारखे खेड्यापाड्यांत फिरणारे कर्मचारी यांची ती गाडी. (१९७३ च्या 'बॉबी' सिनेमातली छोटी गाडीही राजदूतच, पण ती वेगळी. आमच्या थोरल्याने शाळेत सगळ्यांना तीच आपली असे सांगून ठेवले होते.) १९८९ साली आबा आईला आणि थोरल्याला घेऊन याच गाडीवर कारंजा-अमरावती मार्गे नागपूरला दीक्षाभूमीवर गेले. दोनशे किलोमीटरच्या वरचा रस्ता. येताना कारंज्याजवळ गिट्टीवर गाडी घसरली आणि टाकीला डाव्या बाजूने पोचा पडला. माणसांना काही झाले नाही.

२००१ च्या दिवाळीनंतर एक दिवस आबा फिरतीवर असताना गाडी जागीच जाम झाली. पेटीतल्या काचपट्ट्यांसह त्यांनी ती सात किलोमीटर ढकलत आणली. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता. त्यांनी गाडी छपरीत लावली आणि पुन्हा सायकल काढली. वर्षभराने पतसंस्थेचे कर्ज काढून दुसरी गाडी घेतली. "म्हातारी झाली होती," असेच सगळे राजदूतबद्दल म्हणत राहिले. आबा २००८ मध्ये निवृत्त झाले आणि २०१६ मध्ये कालकथित झाले.

२०२५ च्या मे महिन्यात थोरला सुटीवर आला आणि आम्ही ठरवले, एकदा हिला उघडून तर पाहू. अंगणात कडुनिंबाखाली ताडपत्री अंथरली. नटबोल्ट हरवू नयेत म्हणून मधलीने अंगणवाडीसारख्या चिठ्ठ्या लिहून प्रत्येक भागाचे नट वेगळ्या डब्यात ठेवले. हे काम सर्वांत कंटाळवाणे वाटले, पण नंतर सर्वांत उपयोगी पडले. कोणी घरी असे काम काढणार असेल तर आधी डबे जमवा, पान्हे मागून आणता येतात.

टाकीत गंजाचा थर होता. पूर्वी असे काम रॉकेलने करीत, पण रेशनचे रॉकेल आता कुठे मिळते? डिझेल आणि मूठभर जुने नट टाकीत टाकले, तोंड बंद केले आणि दोघांनी दोन टोके धरून टाकी पाळण्यासारखी हलवली. लालभडक पाणी निघायचे. चार दिवस हेच चालले. सायलेन्सरमध्ये ऑइलची काजळी इतकी बसली होती की फुंकर आरपार जात नव्हती. त्याला जुना उपाय म्हणजे भाजणे. गोवऱ्यांच्या आगीत सायलेन्सर ठेवला, काळा धूर निघाला, शेजारचे पाहायला आले, आणि थंड झाल्यावर ठोकला तशी खपल्या-खपल्यांनी काजळी गळून पडली. आईने तेवढ्या आगीत वांगी भाजून घेतली. मधली म्हणाली, त्या धुराची वांगी मी खाणार नाही. आम्हीही खाल्ली नाहीत.

इंजिन मात्र हलेना. प्लगच्या भोकातून डिझेल आणि ऑइल सोडून आठ दिवस ठेवले. नंतर हेड खोलले, पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हलके-हलके ठोके दिले, तेव्हा पिस्टन सुटला. सिलिंडर वर ओढला आणि पिस्टन बाहेर आला. धुराच्या वाटेकडच्या बाजूला त्यावर उभ्या चरा पडल्या होत्या, रिंग खाचेत चिकटून बसल्या होत्या. आम्ही तो पिशवीत घालून मंगरूळपीरला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेला. चाचांनी चष्मा लावून पिस्टन फिरवून पाहिला आणि म्हणाले, "ये बुढापे से नहीं गई भाऊ. ये बिना ऑइल चली है."

समजावून सांगायचे तर असे. आजकालच्या फोर स्ट्रोक गाडीत इंजिनाच्या तळाशी वेगळे ऑइल असते. जुन्या टू स्ट्रोक गाडीत तसे नसते. पेट्रोल क्रँकच्या खोलीतूनच वर जाते आणि त्यात मिसळलेले ऑइल हेच पिस्टन, सिलिंडर आणि बेअरिंगचे वंगण असते. नुसते पेट्रोल टाकले तरी गाडी चालू होते, पळतेही. थोड्या वेळाने पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला धरून बसतो. थंड झाली की सुटते, पण चरा पडलेल्या असतात. पुढच्या खेपेला ती जी धरते ती सुटत नाही.

येताना बसमध्ये थोरला काही बोलला नाही. घरी आल्यावर त्याने पिस्टन ओसरीवर ठेवला आणि आम्हा सगळ्यांसमोर सांगितले. २००१ च्या त्या सुटीत तो सतरा वर्षांचा, बारावीत होता. आबा दुपारी झोपले असताना त्याने गाडी काढली, मित्राला घेऊन शेलूबाजारला गेला, पंपावर पेट्रोल भरले आणि ऑइल घालायचे विसरला. येताना गाडी अडली. अर्धा तास सावलीत उभी केली, किक मारली, चालू झाली. गुपचूप आणून लावली. दोन दिवसांनी आबा फिरतीवर गेले. ते सात किलोमीटर त्याच्यामुळे होते, आणि चोवीस वर्षे तो हे घेऊन फिरत होता.

आई ज्वारी निवडत होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, "त्यायले माईत होतं."

आम्ही पाहतच राहिलो.

"त्याच राती त्यायनं टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढून पाह्यलं. मले दाखोलं. पाण्यावानी होतं. म्हने, पोराची बारावी हाय, त्याले काही म्हनू नको."

थोरला उठून छपरीकडे गेला. बराच वेळ तिकडेच होता. आम्ही गेलो नाही.

त्यानंतर कामाला वेगळाच जोर आला. सिलिंडर अकोल्याला लेथवर पन्नास पॉइंट बोअर करून घेतला, त्या मापाचा पिस्टन आणि रिंग आणल्या. क्रँकची दोन्ही ऑइल सील बदलली. टू स्ट्रोकमध्ये हे सील कडक झाले की गिअरबॉक्सचे ऑइल आत ओढले जाते आणि गाडी पांढरा धूर फेकत राहते. गॅस्केट बाजारात मिळेना, म्हणून जाड शीटवर भाग ठेवून हातोडीने कडेकडेने ठोकून कापले. पॉइंटची फट मधलीने बसवली, कारण तिची नजर आणि बोटे शिवणकामाची. ०.४ मिलिमीटर, फिलर गेज लावून. धाकट्याने सहा व्होल्टचे सगळे वायरिंग नवे ओढले. पेट्रोलची नळी मिस्त्रीने मुद्दाम नव्या प्रकारच्या रबराची द्यायला लावली. २०२५ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोलच सर्रास मिळते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. शिवाय इथेनॉल पाणी ओढते, त्यामुळे गाडी महिनाभर उभी ठेवायची तर टाकी रिकामी केलेली बरी. नाहीतर पुन्हा गंज आणि पुन्हा तो पाळणा.

भांडण झाले ते रंगरूपावरून. धाकट्याचा मुलगा डिप्लोमाला आहे. त्याच्या मोबाइलमध्ये अशा गाड्यांची चित्रे. मागचा मडगार्ड कापलेला, बुटके हँडल, रुंद टायर, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर. त्याच्या डोक्यात आबांची पेटी कापायची आणि एका माणसाची सीट बसवायची होती. आई म्हणाली, "पेटी कापाची नाही." मग पोराने स्वतःच कायदा शोधला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटले. रंग बदलता येतो, पण तो नोंदणी पुस्तकात लिहून घ्यावा लागतो. हे वाचल्यावर त्याचे बुटके हँडल गेले. पण त्याने उलटा प्रश्न टाकला: आबांची पेटी तरी कंपनीची कुठे आहे?

प्रश्न बरोबर होता. पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी आहे. फी वीस हजार, गाडी मूळ रूपात हवी, आणि ती रोजच्या वापराला न्यायची नाही. आमची राजदूत २०२८ मध्ये पन्नाशीची होईल. तेव्हा मूळ रूप म्हणजे पेटीशिवायचे. ज्यांना हौस आहे आणि ऐपत आहे त्यांनी तसे जरूर करावे. आमचे त्यावर एकमत व्हायला दोन मिनिटेही लागली नाहीत. पेटी कॅरिअरला वेल्ड केलेली आहे, पण कॅरिअर गाडीला चार बोल्टांवर आहे. काहीही कापावे लागत नाही. पोराला रंग निवडायला दिला. त्याने शेवटी काळाच निवडला, फक्त टाकीवर एक बारीक निळी रेघ मागितली. पेंटरने विचारले, पोचा ठेवायचा की लांबी भरायची? आम्ही भरून घेतला. ती चूक झाली असे धाकटा अजून म्हणतो.

कागदांना मात्र गाडीपेक्षा जास्त वेळ लागला. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, त्याआधीची नोंद अकोल्याची. संगणकात ती नव्हतीच. आबांनी मूळ पुस्तक आपल्या सेवापुस्तकासोबत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पेटाऱ्यात ठेवले होते, म्हणून निभावले. तिघांच्या संमतीने गाडी आईच्या नावावर केली. वीस वर्षांवरच्या दुचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून दोन हजार झाली आहे. पर्यावरण कर, उशिराचा दंड, विमा आणि धुराचे प्रमाणपत्र वेगळे. दंडाचा आकडा ऐकून आमच्यातली मधली म्हणाली, एवढ्यात चांगली सेकंडहँड स्कूटी आली असती. खोटे नव्हते ते. आम्ही वाटून भरला.

गाडी पहिल्यांदा चालू झाली ती अंगणातच. अकराव्या की बाराव्या किकला. आधी खोकली, मग अंगणभर निळा धूर झाला आणि तो आवाज आला. शेजारची म्हातारी काठी टेकत दाराशी आली आणि विचारू लागली, "मलेरियावाले आले काय वं?" आई हसली, मग पदराने डोळे पुसले, म्हणाली धूर गेला.

थोरल्याला आता आबांच्या सगळ्या गावांना ती घेऊन जायचे आहे. नागपूरचाही विचार आहे. कोणीतरी समृद्धी महामार्गाने जा म्हटले, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे, आणि राजदूतला ती घाई झेपणारही नाही. जुन्याच रस्त्याने, कारंज्यावरून जाऊ.

ऑइलची बाटली आई स्वतःच्या ताब्यात ठेवते. कोणीही पेट्रोल भरायला निघाला की त्याला आधी तिच्यापुढे उभे राहावे लागते. पाच लिटरला दोनशे मिली. औषधाच्या मापाने मोजून, दुसऱ्या बाटलीत ओतून, झाकण घट्ट लावून ती आबांच्या पेटीत ठेवते, आणि थोरला असेल तर दोनदा सांगते.