सवड

सवड हा शब्द मोठा फसवा आहे. ज्याच्या त्याच्या तोंडी ती नसल्याची तक्रार असते. आणि दैवयोगाने ती लाभलीच, तर तिचे काय करावे हे पुष्कळांस उमगत नाही. ख्रिस्ती कुटुंबांत या तक्रारीस एक धार्मिक रूप आलेले आहे. प्रार्थनेस वेळ मिळत नाही, शास्त्रवाचन मागे पडते, असे जो तो हळहळून सांगतो, आणि सांगितल्याने मन हलके झाले म्हणून पुन्हा कामास लागतो.

परभणी जिल्ह्यातील आमच्या पालमसारख्या तालुक्याच्या गावी आयुष्य संथ असेल, अशी शहरातील आप्तांची समजूत असते. त्यांनी एकदा येथे येऊन राहावे. अध्यापकाचा दिवस शाळेने सुरू होतो, दुपारी वह्या आणि माहितीचे तक्ते, संध्याकाळी शिकवणी. आणि खिशातला मोबाइल रात्रीही निजू देत नाही. ज्यांची शेती आहे, त्यांस तर कापसाच्या वेचणीच्या दिवसांत श्वास घेण्यास उसंत नसते. तेव्हा सवडीची वाट पाहून श्रद्धा जगवावयाची, तर ती जगणार कशी, हा प्रश्न येथेही तितकाच खरा आहे.

या प्रश्नाचा विचार करताना मार्काच्या शुभवर्तमानातील पहिला अध्याय आम्हांस पुनःपुन्हा आठवतो. कफर्णहूम गावी शब्बाथाचा दिवस मावळला आणि रोगी व पीडित माणसांना घेऊन सारा गाव दारापाशी लोटला. येशूने पुष्कळांना बरे केले. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच तो उठून एकांती गेला आणि प्रार्थना करू लागला. शिष्य शोधीत आले व म्हणाले की, सर्व लोक आपला शोध करीत आहेत. कोणासही वाटेल की, आता तो गावात परतेल. तो परतला नाही. आपण आसपासच्या दुसऱ्या गावांकडे जाऊ, असे त्याने सांगितले, कारण त्यासाठीच तो आला होता.

या प्रसंगाचे मर्म प्रार्थनेच्या विसाव्यापेक्षा तिच्या परिणामात आहे, असे आम्हांस वाटते. दारातील गर्दी खोटी नव्हती. तिचे दुःखही खरे होते. तरीही त्या पहाटेच्या एकांतानंतर पुढची वाट स्पष्ट झाली. जे काम समोर आले ते सारेच आपले नव्हे, हे ओळखण्याची दृष्टी प्रार्थनेत मिळते.

महाराष्ट्रात याचे थोर उदाहरण पंडिता रमाबाईंचे. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला व 1889 साली मुंबईत शारदासदन उघडले. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्तिसदनात एवढ्या जणींचे अन्नवस्त्र, शिक्षण, आजारपण, सारेच त्यांच्या माथी. एवढा व्याप सांभाळणाऱ्या बाईने ग्रंथाला हात लावण्यास सवड नाही असे म्हटले असते, तर त्यांना कोण बोल लावणार होते? पण त्यांनी हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर हाती घेतले. 1921 साली कन्या मनोरमा गेली, तरी ते काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई निवर्तल्या, तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते. आश्रम आणि ग्रंथ हे त्यांच्या लेखी दोन उद्योग नव्हते. ज्यांना अन्न दिले त्यांनाच वचनही कळावे, हा एकच हेतू दोहोंतून वाहत होता.

यावर कोणी म्हणेल की, असे असेल तर काम हीच उपासना. वेगळी प्रार्थना कशाला? आमच्यापासून जवळच गोदाकाठी गंगाखेड आहे. ती संत जनाबाईंची जन्मभूमी मानली जाते. दळता-कांडता विठ्ठलाला हाक मारणाऱ्या त्या दासीची थोरवी आमच्या ख्रिस्ती मनासही परकी वाटत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्तीही अभंगांतूनच गायिली. पण जात्यावर बसल्यानेच कोणी जनाबाई होत नाही. हाताला काम आणि ओठी नाम, ही जोड तिने मनःपूर्वक सांभाळली होती. नाम सुटले, तर मागे उरते ते केवळ दळण.

गेल्या वर्षापासून आमच्या मातोश्रींची दृष्टी मंदावली आहे. स्तोत्रसंहिता त्यांना आता वाचता येत नाही, आणि वाचून दाखविण्याची त्यांची वेळ नेमकी संध्याकाळची. आम्ही शिकवणीचा एक वर्ग बंद केला. त्यातून येणारे पैसे संसारास उपयोगी होते. ते गेल्याची चणचण दर महिन्यास जाणवते, आणि व्यवहारी आप्तांस आमचा निर्णय अजून पटलेला नाही. त्यांना पटेल असा हिशेब आम्हांपाशी नाही. दिव्याच्या उजेडात एकेक स्तोत्र वाचीत असता मातोश्री मध्येच थांबवितात व एखादी ओळ पुन्हा वाचावयास सांगतात. ती ओळ आम्ही पूर्वी अनेकदा वाचलेली असते. ऐकलेली मात्र बहुधा तेव्हाच.

एवढ्याने दिवसाची धावपळ कमी झाली, असे नाही. वह्या तपासावयाच्या राहतात, निरोप साठतात, निजावयास उशीर होतो. परंतु दुसऱ्या सकाळी वर्गात शिरताना समोरच्या मुलांपैकी आज कोणाकडे अधिक पाहिले पाहिजे, हे थोडे लवकर कळते. अद्याप तरी आमच्या श्रद्धेचे फळ एवढेच दिसते, आणि ते आम्हांस थोडके वाटत नाही.