दिवेघाटाची वाट

“शाळेतून मोकळे झालो, की आळंदीहून पंढरीस पायीच जाऊ,” असे आमच्या कुटुंबास आम्ही २० वर्षे सांगत आलो. मोकळे झालो, परंतु दुसऱ्याच वर्षी ती गेली. अखेर गेल्या मार्गशीर्षात आम्ही एकटेच निघावयाचे ठरविले. ना पालखी, ना दिंडी; मुक्काम गुडघे सांगतील तेथे. चिरंजीवांस हे रुचले नाही. त्यांनी नातवास, सायकलीवर गाठोडे बांधून, आमच्यासोबत धाडले.

पुण्याहून सासवड सुमारे ३० किलोमीटर. वारीत हा टप्पा एका दिवसात होतो. आम्हांस दोन लागले. दिवेघाटात नातू उतरून सायकल ढकलू लागला, तेव्हा आम्ही त्याच्या पुढे होतो. (असे भाग्य वार्धक्यात विरळाच!) वरून पाहिले, तो खाली मस्तानी तलाव निश्चल पसरलेला.

सासवडास सोपानदेवांच्या समाधीपाशी एका वृद्ध बाईंनी विचारले, “घरच्यांना नाही आणलंत?”

आम्हांस उत्तर सुचेना. नातू म्हणाला, “आणलंय की. आजीचं पातळ आहे गाठोड्यात.”

ते त्याने केव्हा बांधले, आम्हांस ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी जेजुरीच्या वाटेस लागलो, तेव्हा गाठोडे आम्ही आपल्या खांद्यावर घेतले.