अंघोळ त्याची त्याला करू द्या



स्वच्छतेचा पाठ आपण सगळेच शिकवतो. रोज अंघोळ करा, असं सांगून पुढे जातो. पण कॅलिपर आणि कुबड्या वापरणाऱ्या मुलाने ती करायची कशी, हे पुस्तकात नसतं.

माझ्या तिसरीच्या वर्गात असा एक विद्यार्थी आहे. समग्र शिक्षा अंतर्गत त्याला कॅलिपर मिळालं. शाळेत तो कुणाचा हात धरत नाही. पण कॅलिपरचं चामडं आणि लोखंड भिजवून चालत नाही, म्हणून अंघोळीच्या वेळी ते काढावंच लागतं. म्हणजे जिथे घसरण्याची भीती सर्वांत जास्त, नेमकं तिथेच साधन पायात नसतं! मग रोज आईच अंघोळ घालायची. आता मोठा झालोय, लाज वाटते, असं तो मला हळूच म्हणाला.

गृहभेटीत आम्ही सगळ्यांनी मिळून मोरी पाहिली आणि साधेच बदल ठरवले.

अंघोळ बसूनच करायची. रुंद बुडाचं, पायांना रबर असलेलं दणकट स्टूल घ्यायचं. हलकी प्लास्टिकची खुर्ची नको, ती सरकते. मोरी कोरडी असतानाच आत जायचं, स्टुलावर बसून कॅलिपर काढायचं आणि आईकडे द्यायचं. अंघोळीनंतर अंग आणि फरशी पुसून झाली की बसूनच पुन्हा घालायचं.

हाताशी येईल अशी लोखंडी दांडी भिंतीत पक्की बसवायची. नळाला किंवा टॉवेलच्या दांडीला धरायचं नाही, ती वजन पेलत नाही. बादली वाकावं लागणार नाही अशा उंचीवर ठेवायची. साबण जाळीच्या पिशवीत टांगायचा, म्हणजे निसटत नाही.

पाणी मोठ्यांनीच काढायचं. बादलीत आधी गार, मग गरम. काही मुलांच्या पायांना संवेदना कमी असते, त्यांना चटका कळतच नाही. म्हणून पाणी कोपराने तपासा. आतून कडी नको, दार नुसतं लोटा आणि हाकेच्या अंतरावर थांबा.

कुबड्यांचे रबरही बघत जा. झिजलेलं रबर ओल्या फरशीवर हमखास घसरतं.

मित्रांनो, साधन मिळालं म्हणजे काम संपलं असं आपण समजतो. पुढच्या पालकसभेत एवढंच विचारा, "मूल घरी अंघोळ कसं करतं?" स्वावलंबनाचा धडा मोरीतही शिकवावा लागतो.