ब्रेकलाइट

बाबांच्या बाइकला १५ वर्षं झाली. नोंदणी आणखी ५ वर्षं वाढवायची, तर गाडी आरटीओत दाखवावी लागते. मी जोरात तयारी केली. नवा विमा, टाकीला पॉलिश. पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड साडेतीन टक्क्यांच्या आत आला, तेव्हा पास झाल्यासारखंच वाटलं.

रांगेत माझ्यापुढचा एकजण आरसे नाहीत म्हणून परत गेला, दुसरा गुळगुळीत टायरमुळे. इन्स्पेक्टरांनी माझ्या टाकीकडे पाहिलंही नाही. चॅसी नंबर ताडून पाहिला, हॉर्न वाजवला. मग म्हणाले, "मागचा ब्रेक दाबा." दाबला.

"लाइट कुठंय?"

नापास.

मेकॅनिकने पेडलजवळची तुटकी स्प्रिंग दाखवली. ब्रेक दाबला की ती स्विच ओढते आणि मागचा दिवा लागतो. "बरीच जुनी तुटलीय. चालवणाऱ्याला कळत नाही, दिवा पाठीमागे असतो ना!"

तेव्हा आठवलं. गाडी हळू करताना बाबा हात काढून वर-खाली हलवायचे. मी मागे बसून हसायचो. ते गेल्यावर दोन वर्षं हीच गाडी मी हायवेवर चालवली. हात न दाखवता.

दुसऱ्या खेपेला गाडी पास झाली. परत येताना पुढे सिग्नल लाल झाला. दिवा लागतोय हे माहीत होतं, तरी हात बाहेर गेलाच.