पेशींच्या आयुष्याची मोजदाद

सजीव प्राण्याच्या ऊतीत रोगप्रतिकारक पेशी किती काळ जगते, हा प्रश्न वरकरणी सरळ वाटतो. परंतु ज्याने आपल्या उमेदीचा काळ पुण्यास उंदरांच्या प्लीहेतील व यकृतातील पेशी मोजण्यात घालविला, त्याला तो दिवसेंदिवस बिकटच वाटत जातो, कारण या प्रजेची शिरगणती सुलभ असली, तरी तिच्या जन्ममृत्यूचे दप्तर कोठेही ठेवलेले नसते.

दप्तर नाही म्हणून खूण करावी लागते. उंदराच्या पिण्याच्या पाण्यात ब्रोमोडीऑक्सियुरिडिन मिसळले, म्हणजे त्या अवधीत विभाजनासाठी नवा डीएनए घडविणारी पेशी ते द्रव्य सामावून घेते. पुढे ते पाणी बंद करून ठरावीक अंतराने ऊती तपासल्या, की खूणधारी पेशींचे प्रमाण उतरताना दिसते आणि त्या उतारावरून आयुर्मान काढण्याचा मोह होतो.

मी मूळचा चांदवडचा. आमच्याकडे उन्हाळ कांद्याची चाळ पावसाळ्याअखेर रिती झाली, म्हणून सारा माल सडला असे कोणी म्हणत नाही; किती सडला, किती बाजार समितीत गेला, किती बियाण्यासाठी काढला, याचा हिशेब शेतकरी निरनिराळा मांडतो. खूणधारी पेशी दिसेनाशी झाली, तर तीही मेली असेल, लसिकामार्गे अन्यत्र गेली असेल, अथवा पुनःपुन्हा विभागून तिची खूणच विरळ झाली असेल.

१९१९ साली विनिफ्रेड ॲशबी या संशोधिकेने रक्त दिलेल्या रुग्णांत दात्याच्या तांबड्या पेशी वेगळ्या ओळखून मोजल्या, तेव्हा त्या तत्कालीन समजुतीहून कितीतरी अधिक काळ टिकतात हे सिद्ध झाले. पण त्या पेशी रक्तातच वावरतात, म्हणून ते साधले. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीचे तसे नाही. जुन्या किरणोत्सारी खुणांनी तिचे रक्तातील अर्धायुष्य सहा-सात तासांचे ठरविले होते. २०१० साली उट्रेक्टच्या संशोधकांनी स्वयंसेवकांना जड पाणी पाजून सरासरी ५.४ दिवसांचा आकडा काढला, आणि लगोलग आक्षेप आला, की ही खूण अस्थिमज्जेतील पूर्वज पेशींतच लागत असल्याने मज्जेतला मुक्कामही रक्ताच्या खाती जमा झाला असावा. उलटपक्षी, यकृतातील कुप्फर पेशी निरोगी स्थितीत बव्हंशी जागच्या जागी विभागून आपली संख्या राखतात. तेथे एका पेशीचे आयुष्य आणि तिच्या वंशाचे आयुष्य यांत गल्लत होण्याची धास्ती अधिक.

आणखी एक गोष्ट आलेखावर दिसत नाही. ऊती काढून घ्यावयाची, तर प्राणी मारावा लागतो. म्हणजे त्या डौलदार रेषेवरील प्रत्येक बिंदू निराळ्या उंदराचा असतो आणि रेषा केवळ आपल्या अनुमानाची असते.

म्हणून या कामास लागणाऱ्या तरुणांना माझे एवढेच सांगणे आहे, की आयुर्मानाचा आकडा लिहिण्यापूर्वी खूण कोणती, ऊती कोणती आणि स्थलांतर व विभाजन यांची वजावट कशी केली, हे नमूद करावे. ज्या आकड्यामागे हा तपशील नाही, तो कितीही दशांश स्थळांपर्यंत काढलेला असला, तरी ग्राह्य धरू नये.