शब्दाचे तारण

पगारास आठवडा उरावा आणि पिठाचा डबा तळास लागावा, हे जांबोटीच्या पावसाळ्यात पगारदाराच्या घरी नवे नाही. आमच्या भिशीत १० घरे दरमहा ५०० रुपये घालतात. चिठ्ठी निघेल त्या घरास ५,००० मिळतात. गेल्या आषाढात मुलाच्या औषधापायी आमचा हात रिकामा झाला, तेव्हा चिठ्ठी निघालेल्या शेजारीणबाईंनी आपली पाळी आम्हांस दिली. ना गहाण, ना व्याज. तारण काय ते आमच्या शब्दाचे. सहकाराचे मूळही हेच. गदगजवळच्या कणगिनहाळ येथे १९०५ साली देशातील अगदी आरंभीच्या शेतकी सहकारी पतपेढ्यांपैकी एक निघाली, तीही परस्परविश्वासावरच. म्हणून पगाराच्या दिवशी आमच्या घरी प्रथम निघतो तो भिशीचा हप्ता, मग वाण्याची उधारी. उरेल त्यात आम्ही आमचे भागवितो.